कणीक कोण मळतं तुमच्याकडे?

नमस्कार ताई,

मी सुदामा नगरात राहतो. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. मुलगा-सून बंगळूरला, घरात आम्ही दोघंच. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे ब्रेड मेकर पाहिला. रात्री पीठ-पाणी टाकून झोपायचं आणि सकाळी ताजा पाव! तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं आहे. महाराणी रोडवर विचारून आलो, बारा हजार सांगताहेत. बाजारचा ब्राउन ब्रेड म्हणजे रंगवलेला मैदा, असं सगळेच म्हणतात. शिवाय मला बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. घरी ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे. आपल्या वर्षाच्या शरबती गव्हाचं चक्कीचं पीठ घेऊन त्यात दोनदा पाव केला, दोन्ही वेळा वीट झाली. बायको म्हणते, माळ्यावर सँडविच मेकर, ज्यूसर आणि आइस्क्रीमचं भांडं आहेच, त्यांना अजून सोबत कशाला? परवा तर म्हणाली, "पस्तीस वर्षं कणीक मळून माझं मनगट दुखतं ते कुणाला दिसलं नाही, आणि आता पाव मळायला मशीन!" मी गप्प बसलो. घ्यावं की नाही, तुम्हीच सांगा.

— एक हौशी, इंदूर

नमस्कार हौशी,

आत्ता घेऊ नका. पुढे कधी घ्यायचं आणि कुठल्या अटीवर, ते सांगते; पण आधी एक साधा प्रश्न. तुमच्या घरात आठवड्याला पाव किती लागतो? पत्रात तुम्ही मशीनची किंमत लिहिलीत, बीपी लिहिलंत, माळ्यावरची मंडळीही मोजलीत, पण हे नाही लिहिलंत. इंदूरच्या मराठी घरात सकाळी पोहे होतात. रविवारी बाहेर पडलं तरी पोहे-जिलेबीच. मग ब्रेड कधी? एखाद्या संध्याकाळी सँडविच, तब्येत बिघडली की चहाबरोबर टोस्ट, नातवंडं आली की आणखी थोडा. दोघांच्या घरात आठवड्याला एक पाकीट संपलं तरी खूप. ब्रेड मेकरमधला अर्ध्या किलोचा लहानात लहान पाव म्हणजेसुद्धा दहा-बारा काप. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडायला लागतो आणि पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावर हिरवे ठिपके दिसतात, कारण बाजारच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखायला घालतात ते कॅल्शियम प्रोपियोनेट आपण घालत नाही. उरलेला पाव फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. काप करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये घाला.

तुम्ही बँकेतले, म्हणून हिशेबही करू. घरच्या एका पावाला चारशे ग्रॅम पीठ, यीस्ट, थोडं लोणी किंवा तेल आणि अर्ध्या युनिटच्या आतबाहेर वीज लागते. सगळं मिळून पस्तीस रुपये धरा. तसाच बरा ब्राउन ब्रेड दुकानात पन्नासला मिळतो असं धरू. म्हणजे पावामागे पंधरा रुपये वाचले. बारा हजार भरून निघायला आठशे पाव करावे लागतील. आठवड्याला दोन केले तरी पावणेआठ वर्षं! तोवर मशीन टिकायला हवं. माझं साडेतीन वर्षं टिकलं. भांड्याच्या बुडाशी पातं फिरवणारा दांडा असतो, त्याचं सील गेलं आणि पाणी झिरपून हीटरवर पडायला लागलं. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने तीन महिने "पार्ट येतोय" म्हणून सांगितलं, आणि मग कळलं की ते मॉडेलच बंद झालंय. तेव्हा पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर तो विषय इथेच मिटला. हौस म्हणून घ्यायला माझी ना नाही. हौसेला हिशेब लावला तर माणूस गाण्याच्या मैफलीलाही जाणार नाही.

आता त्या विटेकडे येते. तुम्हाला वाटतंय की मशीन असतं तर पाव फुलला असता. माझा अंदाज असा की तेच पीठ आणि तेच पाणी मशीनमध्ये घातलं असतंत तरी वीटच झाली असती. फरक इतकाच की ती चौकोनी झाली असती आणि तिच्या बुडाला पात्याचं भोक असतं.

दोष तुमच्या शरबतीचा नाही. तिची पोळी मऊ होते, संध्याकाळपर्यंत मऊ राहते, चवीला गोडसर लागते. पण पोळीला हवा तो गुण पावाला पुरत नाही. यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवायला पिठात ताण लागतो, फुग्याच्या रबरासारखा. तो ताण ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांचा, आणि तो गव्हागव्हात वेगळा. आपल्या माळव्यातच बघा ना. बाफल्यांना (उकडून भाजलेल्या बाट्यांना) वापरतात तो काठिया गहू, म्हणजे ड्युरम. दाणा कडक आणि पिवळसर, प्रथिनं भरपूर. पण त्याचं ग्लूटेन ताणलं की तुटतं. बाफले, लापशी, रवा यांना उत्तम, पावाला नाही. शरबती त्याहून बरी, पण तिचा पिंड पोळीचाच. लोकवन आणलात तरी फार फरक पडणार नाही. (लोकवन हे नाव 'लोक-१' वरून आलंय, हे आमच्या चक्कीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत ते वाण तयार झालं.)

त्यात पीठ चक्कीचं. दगडी जात्यात दाणा दाबून दळला जातो, त्यात पिठातल्या स्टार्चचे कण फुटतात आणि पीठ जास्त पाणी पितं. कोंडाही पाणी ओढतो, आणि त्याचे बारीक कण ग्लूटेनच्या पडद्याला सुरीसारखे कापत जातात. तुम्ही बहुधा मैद्याच्या पावाची कृती बघितलीत आणि त्यातलं पाणी या पिठाला घातलंत. पीठ घट्ट राहिलं, फुगायला वाव मिळाला नाही. ब्रेड मेकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतल्या कृतीही बऱ्याचदा परदेशी जोरदार मैद्यासाठी लिहिलेल्या असतात. आपलं पीठ घातलं की पहिल्या पाच-सात मिनिटांत झाकण उघडून बघावंच लागतं: गोळा भांड्याला चिकटतोय, की कोरडा होऊन खडखडतोय? त्याप्रमाणे चमचाभर पाणी नाहीतर पीठ घालायचं. म्हणजे रात्री टाकून झोपणं आलं पुढे. आधी आठ-दहा वेळा मशीनसमोर उभं राहणं आलं.

त्या रात्रीच्या टायमरबद्दलही सांगते, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय. सोय खरी आहे. पाणी तळाला, वर पीठ आणि पिठात खळगा करून यीस्ट, म्हणजे वेळ होईपर्यंत यीस्ट ओलं होत नाही. मात्र दूध आणि अंडं घालून रात्रभर ठेवायचं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. आणि बहुतेक मशीन घड्याळ बघून चालतात. अमुक इतकी मिनिटं मळणं, तमुक इतकी फुगणं, मग भाजणं. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात यीस्ट उधळतं, पीठ ठरल्या वेळेआधीच फुगून वर येतं आणि भाजायला लागेपर्यंत मधोमध खचतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर असतो, तेव्हा तेच पीठ अर्धवट फुगलेलं असताना हीटर चालू होतो. उन्हाळ्यात माठाचं नाहीतर फ्रिजचं पाणी घाला, यीस्ट थोडं कमी करा. थंडीत पाणी कोमट घ्या. हातालाही सोसणार नाही इतकं गरम पाणी घेतलंत तर यीस्ट मरतंच. हातानं पाव करणाऱ्याला ही अडचण येत नाही, तो भांड्यात डोकावतो आणि दुप्पट झालं की पुढचं करतो.

बाजारच्या ब्रेडची भीती थोडी जुनी आहे. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेटसारखी, पाव फुलवायला पिठात घालायची रसायनं सापडल्याचं जाहीर केलं, मोठा गाजावाजा झाला, आणि त्याच वर्षी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने पिठात ते ब्रोमेट घालायला बंदी केली. रंगवलेल्या मैद्याचं म्हणाल तर पाकीट उलटं करा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग दिसला, तर तुमचा संशय खरा. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं असेल तर तो ब्रेड खुशाल आणा.

मिठाचं मात्र तुम्हाला आवडणार नाही. चारशे ग्रॅम पिठाच्या पावात सहा-सात ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे बारा काप केले तर कापामागे अर्धा ग्रॅम. घरी अख्ख्या पावातलं मीठ पाच ग्रॅमवर आणता येईल. त्याहून खाली गेलात तर पाव सपक लागतो आणि पीठही बेताल फुगतं, कारण यीस्टला आवरायचं काम मीठच करतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे. आठवड्यात चार काप खाणाऱ्या माणसाने पावातलं मीठ मोजायचं आणि पोह्यांवर मूठभर शेव पसरून वर जीरावन मसाला भुरभुरायचा? डॉक्टरांना शेवेबद्दल सांगितलंत का? पापड-लोणच्याबद्दल? बीपीसाठी ब्रेड मेकर हे कारण वहिनींना पटलं नसेल तर त्यांचं चुकलेलं नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई मशीनच्या मुळावरच उठलीय. तसं नाही. मशीन एक काम अगदी मनापासून करतं आणि ते म्हणजे मळणं. पावाचं पीठ हाताने बारा-पंधरा मिनिटं मळावं लागतं, पोळीच्या कणकेसारखं चार मिनिटांत भागत नाही. मनगटाला ते जड जातं. मशीनमध्ये नुसतं मळून-फुगवून देणारा प्रोग्रॅम असतो. तो लावायचा, गोळा बाहेर काढून साच्यात घालायचा आणि भाजायचं तुमच्या ओटीजीत. बुडाला भोक नाही, वरचं कवच खुसखुशीत, हवे तर लादीपाव करा. माझ्या मशीनने शेवटचं वर्षभर हेच काम केलं. भाजण्यात त्याला फारशी गती नव्हती. बाजू जाड आणि वरचा भाग फिकट राहायचा.

हे मळणंही मशीनला सहज आलेलं नाही. १९८०च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीत घरगुती ब्रेड मेकर तयार होत होता, तेव्हा पाव नीट होईना; वरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. त्यांच्या इकुको तानाका या सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेल्या. त्याच्या शेजारी उभं राहून मळता मळता त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस पीठ नुसतं दाबत नाही, ताणताना पिळतोही. मग इंजिनिअरांनी मशीनच्या आत उभ्या पट्ट्या बसवल्या, जेणेकरून पात्याबरोबर गोळा नुसता गरगर न फिरता पिळला जाईल. तुम्ही पुढेमागे मशीन घ्यायला गेलात तर भांड्यात हात घालून बघा, आत तसे उंचवटे आहेत का.

आणि आता वहिनींचं वाक्य. पूर्ण पत्रात मला तेच एक महत्त्वाचं वाटलं, आणि तुम्ही त्यापुढे "मी गप्प बसलो" लिहून थेट मला घ्यावं की नाही विचारलंत. त्यांनी मशीनला नाही म्हटलेलंच नाही. त्या म्हणाल्या की ज्या कामाला पस्तीस वर्षं कुणी मदत शोधली नाही, त्याच कामाला तुमच्या हौसेपायी बारा हजार निघतात. याचं उत्तर दुकानात मिळत नाही. (मशीन कणीकही मळून देतं, हे विक्रेता तुम्हाला सांगेलच. देतं, पण दोघांच्या सहा-आठ पोळ्यांसाठी ते रोज काढायचं, पातं धुवायचं, पुन्हा ठेवायचं, हे महिनाभरात बंद पडतं. फूड प्रोसेसर ते काम तीन मिनिटांत करतो, आणि तुमच्याकडे असेल तर तोही कुठल्या तरी कपाटात असणार.)

म्हणून माझी अट अशी. उद्यापासून महिनाभर घरची कणीक तुम्ही मळा. रोज, दोन्ही वेळची. कौतुक मागू नका. आणि दर रविवारी एक पाव हाताने करा, ओटीजीत. महिन्यात चार पाव होतील. कॅलेंडरवर खूण करा, आणि पाव कितव्या दिवशी संपला तेही तिथेच लिहा.

पावासाठी अडीचशे ग्रॅम मैदा आणि दीडशे ग्रॅम चाळलेलं शरबतीचं पीठ घ्या. मैद्याच्या चाळणीने चाळा आणि निघालेला कोंडा गरम पाण्यात भिजवून ठेवा, तो मळत आल्यावर शेवटी घालायचा. पाणी सगळं मिळून दोनशे ऐंशी मिलिलिटर, यातलंच थोडं कोंड्याला. आधी पीठ आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. या अर्ध्या तासात पीठ आपणहून अर्धं मळल्यासारखं होतं, तुमच्या हाताचे कष्ट वाचतात. मग एक सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट, पाच-सहा ग्रॅम मीठ, मोठा चमचाभर साखर घालून मळायला घ्या आणि मधेच दोन चमचे तेल घाला. पहिली पाच मिनिटं ते हाताला इतकं चिकटेल की तुम्हाला वरून मैदा भुरभुरावासा वाटेल. भुरभुरू नका! वीट तिथेच तयार होते. मळत राहिलात की चिकटपणा कमी होतो. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी ताणला आणि न फाटता पातळ पापुद्रा आला, की झालं. झाकून दुप्पट होऊ द्या, उन्हाळ्यात पाऊण तास, थंडीत दोन तासही लागतील. हवा काढून, गुंडाळी करून साच्यात घाला, पुन्हा काठापर्यंत येऊ द्या आणि आधी तापवलेल्या ओटीजीत १९० अंशांवर साधारण पस्तीस मिनिटं भाजा. तासभर गार झाल्याशिवाय कापायचं नाही. दातेरी सुरी नसेल तर ती मात्र आजच आणा. यीस्टचं पाकीट सियागंजातून आणाल तर तारीख बघून आणा आणि फोडल्यावर घट्ट डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. अर्ध्या किलोचं आणू नका, स्वस्त पडतं म्हणून.

महिन्याने काय होईल? पहिला पाव बुटका होईल, तिसरा बरा होईल. चार पावांपैकी दोन जरी शिळे होऊन टोस्टच्या डब्यात गेले असतील तर मशीनचा विचार सोडा, यीस्ट संपवा आणि पोहे खा. चारही संपले, आणखी हवेसे वाटले, आणि तुमचं स्वतःचं मनगट कुरकुरायला लागलं, तर मशीन घ्या, मी स्वतः वहिनींना सांगेन. पण बारा हजारांचं नवं नको. लोक हौसेने घेऊन दोनदा वापरलेली मशीन निम्म्या किमतीला विकतात. बघायला जाताना भांड्यात पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, बुडातून थेंब येतो का बघा. आतलं कोटिंग खरवडलेलं नको. पातं जागेवर असू दे. ते पावात अडकून पावाबरोबर निघतं आणि बऱ्याच घरांत सालांबरोबर कचऱ्यात जातं. सुटं भांडं आणि पातं मिळतं का, हे विचारून मगच पैसे द्या. आणि तुम्ही आणलेलं मशीन ओट्यावर राहायचं असेल तर माळ्यावरच्या तिघांपैकी दोघांना आधी घराबाहेर काढा. मळताना ते थरथरत सरकतं, तेव्हा ओट्याच्या कडेला ठेवू नका.

कणकेचं तेवढं उद्याच सुरू करा. पाणी किती घालायचं ते वहिनींना विचारा. त्या कपाने किंवा ग्रॅमने सांगणार नाहीत, "हाताला कळतं" म्हणतील. तेव्हा वाद घालू नका, शेजारी उभे राहा आणि त्यांचा हात बघा.